वडिलांचा काढा, एसजीपीटी ३८६ आणि शेजारच्या गावातलं काविळीचं औषध

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६१ वर्षांचे, शेतकरी, दहा वर्षांपासून मधुमेह. गेल्या पावसाळ्यात चिकनगुनिया झाला आणि सांधे धरले. तेव्हापासून घरामागच्या कडुलिंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा रोज सकाळी ग्लासभर चालू आहे. आठवडी बाजारात बसणाऱ्या एकाकडून सांधेदुखीची पुडी आणतात, दिवसातून दोनदा. पुण्याच्या जावयाने ताकदीसाठी अश्वगंधाच्या कॅप्सूल पाठवल्या, त्याही चालू आहेत. या सगळ्याला अडीच महिने झाले. पंधरा दिवसांपासून अन्नावर वासना नाही, लघवी गडद झाली आणि आता डोळे पिवळे दिसतात. रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी ३८६, बिलिरुबिन (काविळीत रक्तात साचणारा पिवळा रंग) ४.१. डॉक्टरांनी 'सगळा झाडपाला बंद' एवढंच सांगितलं. वडील म्हणतात, 'झाडपाल्यानं काय व्हतंय?' ताई विचारतात: हे खरंच झाडपाल्याने झालं का? नक्की काय बंद करायचं? आणि शेजारच्या गावात रविवारी काविळीचं औषध देतात, ते तोवर द्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. देऊ नका. कारण खाली येईलच.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि अंबाजोगाईच्या बाजूला २६ वर्षं दवाखाना चालवतो. काढे-चूर्णं मी स्वतः लिहून देतो, गुळवेलही देतो. त्यामुळे हे आयुर्वेदाच्या विरोधातलं लिखाण समजू नका. माझ्या काही व्यवसायबंधूंना ते आवडणार नाही, त्याला इलाज नाही.

आधी आकड्यांकडे बघू. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीच्या आत राहणारं रसायन आहे. पेशी दुखावली, फुटली की ते रक्तात सांडतं. साधारण ४० पर्यंत ठीक धरतात. मधुमेह असलेल्या माणसाच्या यकृतात पुष्कळदा चरबी असते, त्याने ते ६०, ८०, फार तर शंभराच्या पुढेमागे जातं. ३८६ हा चरबीचा आकडा नाही. दारूचाही सहसा नाही. दारूत एसजीओटी, म्हणजे पेशीतलंच दुसरं रसायन, जास्त असतं, एसजीपीटीच्या दुप्पट वगैरे, आणि दोन्ही बहुधा तीनशेच्या आत राहतात. तरी वडिलांना एकट्यात, आई समोर नसताना विचारायला डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे लेकीसमोर कोणी कबूल करत नाही.

यकृताच्या औषधबाधेत एक जुना ठोकताळा आहे, हायमन झिमरमन या अमेरिकन यकृततज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. औषधाने एसजीपीटी तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलं, आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर दहातल्या साधारण एका रुग्णाच्या जिवावर बेततं किंवा यकृत बदलायची वेळ येते. तुमच्या वडिलांचं एसजीपीटी नऊपटीच्या पुढे आणि बिलिरुबिन तिपटीच्या वर आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही, दहातले नऊ सावरतात. पण 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणण्यासारखं हे प्रकरण नाही.

झाडपाल्यानेच झालं असं सांगणारी रक्ताची कुठलीही तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून वगळायची आणि तारखा जुळवायच्या, एवढाच मार्ग आहे. हिपॅटायटिस ए आणि ई (दोन्हींचं आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण), बी, सी, पोटाची सोनोग्राफी, एएनए आणि आयजीजी (शरीराची रोगप्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली आहे का ते बघायला), आणि सगळ्यात महत्त्वाचं पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), एवढं झालंय का ते बघा. हिपॅटायटिस ई आपल्या भागात विसरून चालत नाही. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आणि पावसाळ्याच्या तोंडाला गढूळ नळ, दोन्हींत तो येतो. 'काढ्याने झालं' म्हणून शिक्का मारलेल्या काही रुग्णांत शेवटी ई निघतो. उलटंही होतं.

आता तुमच्या घरातले तीन संशयित. माझा पहिला संशय तुम्हाला वाटतो त्याच्यावर नाही. माझा पहिला संशय पुडीवर आहे.

बाजारातली बिनलेबलची सांधेदुखीची पुडी दोन दिवसांत गुण देत असेल तर ती झाडपाल्याची नाही असं समजून चालतो मी. महायोगराज गुग्गुळ असो की निर्गुंडी, आमचं कुठलंच औषध दोन दिवसांत धरलेला गुडघा मोकळा करत नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं मिसळलेली वारंवार सापडली आहेत. डायक्लोफिनॅक स्वतःच यकृताला बाधू शकतं. स्टेरॉइडचा धोका वेगळा: अडीच महिने ते पोटात गेल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, आणि पुडी एकदम बंद केली की माणूस गळून जातो, रक्तदाब उतरतो, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर धोक्याइतकी खाली येते. वडिलांचा चेहरा मध्यंतरी गोल दिसायला लागला होता का? भूक एकदम वाढून मग गेली का? साखर विनाकारण चढली होती का? यातलं काहीही 'हो' असेल तर पुडी बंद करायची आहेच, पण डॉक्टरांना आजच्या आज सांगून. 'सगळा झाडपाला बंद' या वाक्यात पुडी बसत नाही, ती वेगळी सांगावी लागते. डॉक्टरांना तुम्ही पुडीबद्दल बोललाच नाहीत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

गुळवेल. हिच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे मीही चुकलोय.

२०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने सगळा महाराष्ट्र गुळवेल पीत होता. गावोगावच्या लिंबांवरच्या वेली लोकांनी ओरबाडून नेल्या. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत छापली. गुळवेल घेत असताना त्यांच्या यकृताला सूज आली होती, आणि सूज अशी की शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच यकृतावर उलटावी. आयुष मंत्रालयाने तेव्हा सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. पुढे २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद मांडली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मधला आकडा ४६ दिवस होता, म्हणजे निम्म्यांना त्याच्या आत, निम्म्यांना त्यानंतर. या रुग्णांमध्ये थायरॉइडचे, मधुमेहाचे, आधीपासून रोगप्रतिकारशक्तीच्या तक्रारी असलेले बरेच होते.

माझ्याकडे तेव्हा एक चाळिशीतल्या बाई यायच्या. थायरॉइडची गोळी चालू होती. मी त्यांना गुळवेल घनवटी (काढा आटवून केलेली गोळी) दिली, रोज दोन वेळा, आणि 'चालू ठेवा' म्हणालो. सातव्या आठवड्यात डोळे पिवळे घेऊन आल्या. माझ्या डोक्यात गुळवेल आलीच नाही. कावीळ बघून मी वर आरोग्यवर्धिनी लिहिली आणि गुळवेलही चालूच ठेवली, कारण आमच्या शिकवणीत गुळवेल काविळीतच देतात. आणखी दहा दिवस गेले. बिलिरुबिन ११ वर गेलं तेव्हा मी त्यांना पुढे पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, 'काही काढा-बिढा?' बाईंनी खरं सांगितलं म्हणून उलगडा झाला. सगळं बंद करून, काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन त्या बऱ्या झाल्या. अजून माझ्याकडेच येतात, हे त्यांचं मोठेपण.

वेल ओळखण्याचा मुद्दा खोटा नाही. आपल्याकडच्या खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतं. जून खोडावरची पातळ कागदासारखी साल नखाने सोलली की खाली हिरवं दिसतं, आडवं कापलं तर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. पानाची खालची बाजू लवदार, मखमली लागली तर ती दुसरी गुळवेल. खोडावर चामखिळीसारख्या गाठीच गाठी असतील तर ती तिसरी. घरामागची वेल एकदा हात लावून बघा. पण खरी निघाली म्हणून हायसं वाटून घेऊ नका. वडील मधुमेही आहेत, अडीच महिने रोज घेत आहेत, तारखा जुळतात. खऱ्या गुळवेलीवरचाही संशय जात नाही.

अश्वगंधा. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाच रुग्ण नोंदवले, पुढे भारतातूनही नोंदी आल्या. यात कावीळ लांबते आणि खाज फार सुटते. वडिलांना रात्री तळहात-तळपाय खाजतात का, विचारा. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदीच घातली, ते मला जरा जास्त वाटतं. पण तुमच्या घरातली कॅप्सूल कुठल्या परवान्याची आहे ते बघा. आयुर्वेदिक औषधाचा परवाना वेगळा आणि अन्नपूरक म्हणून विकायचा परवाना वेगळा. कॅप्सूलमध्ये मुळांचं चूर्ण आहे की पाचपट-दहापट घट्ट केलेला अर्क, आणि पानं वापरली आहेत की मुळंच, हे लेबलवर लिहिलेलं असतं. ते चष्मा लावून वाचावं लागतं, एवढंच.

माझ्या मते या सगळ्यात एक गोष्ट चुकतेय. वनस्पती तीच असली तरी तिचं घेणं बदललं. माझे आजोबा गावात झाडपाल्याचं औषध द्यायचे. तापात गुळवेल सात दिवस, ताप गेला की बंद. घोटभर, कडू, घशाखाली उतरेना अशी. आता तीच वेल सकाळच्या चहासारखी झाली, कडू लागू नये म्हणून कॅप्सूलमध्ये भरली, आणि 'चालू ठेवा' हा शब्द तिला चिकटला. आमच्या ग्रंथांत गुळवेल आणि अश्वगंधा रसायन म्हणून, म्हणजे ताकद टिकवायला, दीर्घकाळ द्यायला सांगितली आहेत, हे मला माहीत आहे, कोणी ते तोंडावर मारू नये. पण ते देताना आधी शोधन (शरीरशुद्धी), अग्नी (पचनशक्ती) बघणं, प्रकृती बघणं आणि वैद्याने मधूनमधून माणूस नजरेखालून घालणं हेही तिथेच सांगितलं आहे. ते कोण करतं? यकृताची अडचण अशी की ते दुखत नाही. गुडघा दुसऱ्या दिवशी बोलतो, पोट तासाभरात बोलतं, यकृत दोन महिने मुकाट सोसतं आणि मग एकदम डोळे पिवळे करतं. रोजची सवय झालेल्या वस्तूवर तोवर कोणी संशयही घेत नाही.

हळदीचं उदाहरण घ्या. हिंगोली-वसमतच्या हळदीवर वाढलेले आपण, वरणात, भाजीत, दुधात चमचाभर हळद घेऊन कोणाचं यकृत बिघडत नाही. चमचाभर हळद म्हणजे तीन ग्रॅम धरा, त्यात कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे नव्वद मिलीग्रॅमच्या आसपास, आणि आतड्यातून ते फारसं शोषलंच जात नाही. मिऱ्यातल्या पिपरिनसोबत दिलं की हे शोषण माणसांत वीसपट वाढतं, असं १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. ते वाचून कंपन्यांनी ५०० मिलीग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि मिऱ्याचा अर्क एकाच गोळीत घातला. अशा गोळ्यांनी यकृताला बाधा झाल्याचे दहा रुग्ण अमेरिकेतल्या औषधबाधेच्या नोंदीत २०२२ पर्यंत जमा झाले, आणि दहातल्या सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे बाधा सगळ्यांना होत नाही, ज्याच्या अंगात ती खूण आहे त्याला होऊ शकते. तुमच्या अंगात ती आहे की नाही हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. वडिलांच्या भाजीतली हळद बंद करायची गरज नाही, गोळी असेल तर ती बंद.

वजन उतरवणाऱ्या हिरव्या चहाच्या अर्काचं गणित हेच. कपभर हिरवा चहा प्या हवा तेवढा, कॅप्सूल नको. कोडासाठी बावची पोटातून घेणारे आमच्याकडे येतात, त्यांना मी दर महिन्याला एसजीपीटी करायला लावतो, नाही केलं तर औषध देत नाही. दुधी भोपळ्याचा रस काढण्याआधी तुकडा चाखून बघा. कडू लागला तर तो भोपळा फेकायचा. साखरेवर चांगला म्हणून नाक दाबून प्यायचा नाही, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत.

रानभाज्यांबद्दल ताईंनी विचारलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या पावसात येणारा तरोटा आपण खातो, कोवळी पानं उकडून पाणी टाकून. त्याच्यासारखाच दिसणारा रानतरोटा, म्हणजे कासविंदा, त्याच बांधावर उगवतो. तरोट्याच्या पानाला गोल टोकाच्या पानोळ्यांच्या तीन जोड्या आणि शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याच्या पानोळ्या टोकदार, चार-पाच जोड्या, शेंग चपटी. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान लेकरं दर हिवाळ्यात अचानक बेशुद्ध होऊन दगावत होती. मेंदूज्वर समजून वर्षानुवर्षं शोध चालला, आणि शेवटी निघालं की खेळता खेळता त्यांनी कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्ही गेले. २००७ मध्ये हे छापून आलं. आणखी मागे, १९७० च्या दशकात, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात खुळखुळ्याच्या जातीतल्या झुडपाच्या बिया धान्यात मिसळून दळल्या गेल्या. ६७ जणांच्या यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजल्या, पोटं पाण्याने फुगली, २८ जण गेले. खुळखुळ्याच्या जाती आपल्या पडीक रानातही आहेत. ती माणसं औषध घेत नव्हती, भाकरी खात होती.

उगीच एका बाजूला झुकायला नको म्हणून हेही सांगतो. भारतात औषधांनी यकृत बिघडलेल्या १२८८ रुग्णांची एक मोठी नोंद २०२१ मध्ये आली. त्यात पहिला नंबर क्षयाच्या गोळ्यांचा, ४६ टक्के. झाडपाला आणि पर्यायी औषधं दुसऱ्या नंबरवर, सुमारे १४ टक्के. म्हणजे गोळी ती चांगली आणि मुळी ती वाईट असा हिशेब नाही. पण क्षयाच्या गोळ्या सुरू करताना डॉक्टर यकृताची तपासणी लिहितात, डोळे पिवळे झाले तर लगेच या म्हणून बजावतात. काढा देणारा कोण बजावतो? आणि क्षयाच्या गोळ्या चालू असताना 'गरम पडू नये' म्हणून वर काढा घेणारे माझ्याकडे दर महिन्याला एक-दोन असतात. मग नक्की कोणी बिघडवलं, ते शोधणं अवघड होऊन बसतं.

आता रविवारच्या औषधाकडे येतो.

काविळीचं औषध देणारं एक तरी घर मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यात आहे, आणि बहुतेक जण पैसे घेत नाहीत, नारळ घेतात. त्यांच्या हेतूबद्दल मी बोलत नाही. त्यांना यश येतं ते खरं आहे. पण कोणाच्या काविळीत येतं? हिपॅटायटिस ए आणि ई यांची कावीळ बहुतेकांत दोन ते सहा आठवड्यांत आपली आपण उतरते. त्या काळात तुम्ही भुईआवळा दिला, माळ घातली किंवा मारुतीला शेंदूर लावला, तरी उतरणारच. शंभरातले नव्वदच्या वर बरे होतात आणि गावात सांगतात. जे बरे होत नाहीत ते सांगायला येत नाहीत.

माळेचंच बघा. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या, ओल्या काड्यांचे पेरभर तुकडे दोऱ्यात एका खास गाठीने गुंफून ती डोक्यात घालतात. दोन दिवसांत माळ लांबून गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर, आणि कावीळ 'उतरली' म्हणतात. मी एकदा एका आजीबाईंकडून तशीच माळ करून घेतली आणि दवाखान्यात सलाईनच्या खांबाला अडकवली. खांबाला कावीळ नव्हती. चौथ्या दिवशी माळ वीतभर लांबली होती. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठीतला दोरा सैल सुटतो, तेवढी माळ लांबते. हातावर आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले की पाणी पिवळं होतं. तेही कावीळ नसलेल्या कंपाउंडरच्या हातावर करून बघितलं, पिवळंच झालं. पेशंट हसले. पण एकाने विचारलं, 'मग माझा भाऊ बरा कसा झाला?' त्याला मी वर लिहिलेलंच सांगितलं. त्याला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

माळेने निदान पोटात काही जात नाही. कडू देवडांगरीचं पाणी नाकात टाकतात ते वाईट. नाकाचं अस्तर भाजून पिवळसर पाणी दिवसभर गळतं आणि 'कावीळ नाकातून निघाली' म्हणतात. पित्ताचा आणि नाकाचा काही संबंध नाही. दंडावर, पोटावर डाग देणं त्याहून वाईट. आणि पोटातून देतात त्या मुळीचं नाव ते सांगत नाहीत, कारण सांगितलं की गुण जातो असा समज आहे. ज्या यकृताच्या पेशी आधीच फुटताहेत, त्यात नाव माहीत नसलेलं तिसरं-चौथं औषध घालायचं? म्हणून 'देऊ नका' म्हणालो.

भुईआवळ्याबद्दल लोक मला हमखास विचारतात. १९८८ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी भुईआवळ्याने हिपॅटायटिस बी निघून जातो असे भरघोस आकडे छापले होते. पुढे इतरांनी तसंच करून बघितलं, तेवढा गुण आला नाही. भुईआवळा फार बाधणारा नाही, पण बी साठी त्याच्यावर विसंबून राहू नये. आरोग्यवर्धिनीत कुटकी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पाऱ्या-गंधकाची कज्जली आणि ताम्रभस्म आहे हे फार थोड्यांना. ती मी वापरतो, पण असे रिपोर्ट हातात असताना नाही. वडिलांना आत्ता तीही नको.

दोन जणांना तर घरगुती काविळीचं औषध अजिबात नाही. गरोदर बाई, कारण शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर पाचातली एक बाई दगावू शकते, तिला थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आणि दोन आठवड्यांनंतरही पिवळं असलेलं तान्हं बाळ. त्याची शी पांढरी, चुन्यासारखी होत असेल तर पित्ताची नळीच बंद असू शकते, आणि त्याचं ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर खरा उपयोग. बाळगुटी उगाळण्यात आणि कोवळ्या उन्हात धरण्यात महिना गेलेली लेकरं मी पाहिली आहेत.

तर वडिलांसाठी: काढा आणि कॅप्सूल आजपासून बंद, पुडी डॉक्टरांना दाखवून बंद. मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण भूक गेलेली आहे म्हणून साखर रोज तपासा आणि डोस डॉक्टरांना विचारा. तापा-दुखण्याला मनाने गोळी नको. एसजीपीटी, बिलिरुबिन आणि पीटी-आयएनआर दर आठवड्याला. काढ्यानेच झालं असेल तर बंद केल्यावर काही आठवड्यांत एसजीपीटी निम्म्यावर यायला लागतं, बिलिरुबिन मागून उतरतं, त्याला वेळ लागतो. एसजीपीटी झपाट्याने उतरतंय पण आयएनआर चढतोय, तर ते बरं होणं नाही, पेशीच संपत आल्याचं लक्षण आहे. आयएनआर दीडच्या वर गेला, दिवसा झोप आणि रात्री जागरण सुरू झालं, बरळायला लागले, हिरड्यांतून रक्त आलं, पोट फुगलं किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न बघता गाडी करून घाटीला (छत्रपती संभाजीनगरचा मोठा सरकारी दवाखाना) किंवा यकृताचे तज्ज्ञ असतील तिथे न्या. आणि बरे झाल्यावर 'थोडी घेऊन बघू' नाही. दुसऱ्यांदा बाधा लवकर आणि जोरात येते.

आयुर्वेदिक औषधाने बाधा झाल्याची नोंद करायची सोय सरकारने २०१८ पासून केली आहे, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत त्याचं मुख्य केंद्र आहे. तुमच्या डॉक्टरांना नोंद करायला सांगा. आम्ही वैद्य ती करत नाही, म्हणून 'काही होत नाही' असं म्हणायला मोकळे राहतो.

पथ्याचं आईंना सांगा: उसाचा रस देऊ नका. काविळीला ऊस द्यायचाच असा आपल्याकडे नेम आहे, पण मधुमेह्याला तो दिला की साखर एकदम चढते. तेल-हळद अगदी बंद करून नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवू नका, त्याने माणूस खंगतो. मऊ वरण-भात, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, ताक, सोसेल तसं थोडं थोडं, चार-पाच वेळा. रात्री झोपताना काहीतरी पोटात असू द्या.

पुढच्या वेळी रक्त द्यायला जाताना कापडी पिशवीत घरातलं सगळं भरून न्या: कॅप्सूलची डबी, उरलेल्या पुड्या, पानासकट वेलीचा तुकडा, आणि वडील गादीखाली ठेवतात ते जे काही असेल ते. पिशवी टेबलावर उलटी केली की निम्म्या वेळा घरच्यांनाही माहीत नसलेली एक तरी बाटली निघते.